घोटभर थांबा

सावळीच्या देवमनचा आवाज किती लांब जातो याचं माप गावात ठरलेलं होतं. गावाच्या मावळतीला नाला, नाल्यापलीकडे तुरीची वावरं आणि वावरांच्या पल्याड मूर्तिजापूरहून अंजनगाव सुर्जीकडे जाणारी लहान गाडीची लाईन. देवमननं आपल्या दारातून हाक मारली की लाईनवर काम करणारा माणूस मान वळवून बघायचा. एवढा आवाज असलेला माणूस अंगानं मात्र काटकुळा होता. नवा माणूस आधी आवाज ऐकायचा, मग देवमनला बघायचा आणि खरा मालक मागे कुठे उभा आहे का ते शोधायचा.

हा आवाज बापाचा. बाप पुंजाजी गावकीच्या कामात दवंडी द्यायचा. काखेत डफडं अडकवायचं, पाटलानं सांगितलेला हुकूम एकदाच ऐकायचा आणि चार गल्ल्यांत जसाच्या तसा पोचवायचा. लिहिणं-वाचणं नाही, पण एकदा कानावर पडलेलं त्याच्या डोक्यातून हलत नसे. पोराला त्यानं हेच शिकवलं. ऐकताना डोळे मिटायचे, म्हणजे कान मोठे होतात. आणि सांगितलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालू नये, दुसऱ्याचं गाळू नये. सांगणारा जिथं थांबला तिथं आपणही थांबायचं, कारण कुठल्या थांब्यात काय अर्थ आहे हे सांगणाऱ्यालाच ठाऊक.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. पुंजाजी तिथून पायी, गाडीनं, मिळेल त्या वाटेनं परत आला तो वेगळाच माणूस होऊन. पाटलाचा गडी बोलवायला आला तेव्हा पुंजाजीनं घरात बसूनच सांगितलं की दवंडीचं काम आता बंद. डफड्याचं चामडं त्यानं काढून टाकलं आणि कड्याला जाळी मारून सुनेला, चतुराबाईला, चाळणी करून दिली. त्या चाळणीतून पुढं कितीतरी वर्षं ज्वारी चाळली गेली. पुंजाजी त्यानंतर वर्षभरात गेला, पण जाताना त्याचा ताठ झालेला कणा सगळ्या गावानं पाहिला.

देवमन तेव्हा लाईनवर गँगमन होता, पुढं मुकादम झाला. आठ माणसं रुळाला हात घालून उभी राहायची, देवमन सूर धरून हाक द्यायचा आणि आठांची ताकद एका क्षणी रुळाला लागायची. पण त्याचा आवाज खरा कामी आला तो गावाला दीक्षा मिळाली त्या दिवशी.

सत्तावन सालच्या हिवाळ्यात एक भंतेजी लहान गाडीनं सावळीला आले. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं, पुढं दुसरं गाव वाट बघत होतं. दीक्षाविधी झाला. मग प्रश्न आला की भंतेजी गेल्यावर गावाला वंदना कोण सांगणार. गावात पालीचा एक शब्द कुणाला येत नव्हता आणि मराठी वाचणारेही बोटावर मोजण्याइतके. सगळ्यांनी देवमनला पुढं केलं. तो भंतेजींच्या समोर मांडी घालून बसला आणि बापाच्या शिकवणुकीप्रमाणे त्यानं डोळे मिटले. शेजारचा श्रावण पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होता. भंतेजींचा घसा प्रवासाच्या धुळीनं कोरडा पडलेला. त्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील सुरू केलं, आणि तिसऱ्या शीलाच्या ऐन मध्यावर त्यांचा आवाज अडला. ते थांबले, श्रावणच्या हातून तांब्या घेतला, एक घोट प्याले आणि पुढं म्हणू लागले. देवमनचे डोळे मिटलेलेच होते. सबंध वंदना त्यानं एकदाच ऐकली आणि भंतेजी गाडीत बसायच्या आत ती त्यांना म्हणून दाखवली. गाडीची शिटी झाली होती, भंतेजींनी घाईत ऐकलं, मान डोलावली आणि ते गेले.

तेव्हापासून दर पौर्णिमेला, लग्नात, मयतीत देवमन पुढं उभा राहायचा. तो आधी छाती भरून एक श्वास घ्यायचा, इतका मोठा की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावा. मग तो एक ओळ म्हणायचा आणि गाव मागून ती ओळ म्हणायचं. तिसऱ्या शीलाच्या मध्यावर तो घोटभर थांबायचा, गावही थांबायचं. खरं सांगायचं तर देवमनला याचा थोडा ताठा होता. आपण आहोत म्हणून गावाची वंदना आहे, असं त्याला वाटायचं, आणि गावालाही तसंच वाटायचं.

त्रेसष्ट सालापर्यंत वस्तीनं स्वतःच्या हातानं विहार उभा केला. विटा पाडल्या त्यांनीच, भिंती चढवल्या त्यांनीच, वर पत्रे टाकले. येत्या अशोक विजयादशमीला विहार उघडायचा ठरला. आजूबाजूच्या गावांना सांगावे गेले, आणि त्याच भंतेजींनी यायचं कबूल केलं. सहा वर्षांनी देवमन त्यांच्यासमोर वंदना म्हणणार होता.

त्या उन्हाळ्यात देवमनच्या पोटदुखीनं उचल खाल्ली. आधी आग, मग कळा, मग एके दिवशी लाईनवरच तो दुमडून बसला. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. जठरात जखम आहे, कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. चतुराबाईनं कागदावर अंगठा दिला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी देवमनला दहापर्यंत आकडे मोजायला सांगितलं. पाचशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं चारपर्यंत मोजले, आणि पुढचं त्याला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा पोट जाग्यावर होतं, दुखत होतं, पण जगलो हे कळत होतं. त्यानं चतुराबाईला हाक मारली. तोंडातून नुसता फाटका वारा आला. घशात कुणी खरवडून काढल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या आणि त्यांनी न लपवता सगळं समजावून सांगितलं. भुलीत माणसाला स्वतःचा श्वास नीट घेता येत नाही, म्हणून घशातून श्वासनळीत एक रबरी नळी घातली होती. नळीला रबराची पिशवी जोडलेली. ती पिशवी त्या दाबत होत्या आणि हवा त्याच्या छातीत जात होती. नळीमुळे घसा दुखतो, आवाज बसतो, बहुतेकांचा चार-आठ दिवसांत उघडतो. क्वचित एखाद्याचा रेंगाळतो. महिन्याभरात उघडला नाही तर अकोल्याला घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

चतुराबाई ऐकत होती. तिनं विचारलं, “किती येळ दाबली थे पिशवी?”

“अडीच तास.”

“हातानं?”

बाई हो म्हणाल्या. चतुराबाईनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. साधा हात होता, एका बोटाला शाईचा डाग.

“माह्या माणसाचा दम अडीच घंटे या हातात होता,” ती म्हणाली.

देवमन खाटेवरून बघत होता. जन्मापासून आपला श्वास आपणच घेतो असं तो धरून चालला होता. अडीच तास तो एका परक्या बाईनं घेतला, आणि ती एकदाही विसरली नाही. हे त्याच्या मनात इतकं खोल गेलं की घशाचं दुखणं तो तेवढ्यापुरतं विसरला.

पण महिना झाला तरी आवाज उघडला नाही. घरी हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झाला, वाफारे झाले. देवमननं आपल्या अकलेनं आणखी एक उपाय केला. घशाला आराम हवा ना, मग मोठ्यानं बोलायचं नाही, कुजबुजायचं. वंदनेचा सराव सुटू नये म्हणून रोज पहाटे तो सबंध वंदना कुजबुजत म्हणायचा, एकदा नाही, तीनदा. आवाज आणखीच चिरकत गेला. शेवटी ऑगस्टमध्ये नवराबायको लहान गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून अकोल्याला गेले.

घशाचे डॉक्टर भगवंतराव वऱ्हाडातलेच, तोंडानं फटकळ, हातानं हळुवार. कपाळावर गोल आरसा, हातात लांब दांडीचा दुसरा चिमुकला आरसा. तो त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम केला, आपल्याच मनगटाला लावून पाहिला आणि देवमनला स्वतःची जीभ फडक्यानं धरून बाहेर ओढायला लावली. “ई” म्हणायला सांगितलं. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पाहाचा काय तुमचा आवाज?”

देवमनला वाटलं, थट्टा करून राहिले. पण डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर तिसरा आरसा धरला, कंदील सरकवला, आणि देवमननं पाहिलं. खोल, ओल्या, लालसर अंधारात दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या. ज्वारीच्या कोवळ्या पात्याएवढ्याही रुंद नव्हत्या. तो ई म्हणाला की जवळ यायच्या, श्वास घेतला की दूर व्हायच्या. एकीच्या मागच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढी लाल गाठ होती, त्यामुळे पट्ट्या मिटायच्या राहून जात होत्या.

नाल्यापलीकडे जाणारा आवाज तो एवढाच. बापानं चार गल्ल्यांत पोचवलेले सगळे हुकूम, आठ माणसांचा रूळ, सहा वर्षांची वंदना, सगळं या दोन पात्यांतून. देवमनच्या डोळ्यांतून पाणी आलं. जीभ धरून ठेवल्यामुळे आलं असं तो पुढं सांगायचा, पण चतुराबाईला माहीत होतं.

डॉक्टरांनी समजावलं. नळी जिथं टेकली होती तिथं कातडी सोलली, जखम भरताना मांस वाढलं आणि गाठ झाली. बाईंची चूक नाही, नळी घातली नसती तर देवमन आज इथं नसता. गाठ कापता येते, पण त्यासाठी पुन्हा भूल आणि त्याच जागी पुन्हा ओरखडा, आणि गाठ परत यायची भीती. त्यापेक्षा घशाला पुरता आराम दिला तर बहुतेकदा ती सुकून आपोआप गळून पडते.

“तीन मयने तोंडातून एक शब्द काढाचा नाई,” डॉक्टर म्हणाले. “कुजबुजाचं तर बिलकूल नाई. कुजबुजणारा माणूस घशावर जास्त जोर देते. मंधातच बोलसाल तर हा आवाज गेला म्हणून समजा.”

तीन महिने म्हणजे नोव्हेंबर. विजयादशमी सहा आठवड्यांवर होती. दोघांनीही तो हिशेब डॉक्टरांच्या पायऱ्या उतरता उतरता मनातल्या मनात केला. देवमनला तर आता बोलायचंच नव्हतं.

देवमनच्या मौनाचे दिवस गावाला चांगलेच आठवतात. चतुराबाई प्रश्नही विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदाच या माणसानं माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं ती विहिरीवर सांगायची. लाईनवर देवमननं हातोडीची युक्ती काढली. रुळावर एक ठोका म्हणजे हात घाला, दोन म्हणजे उचला. आठ माणसं पहिल्याच दिवशी बिनचूक उचलायला लागली. काम अडलं नाही याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण खरं म्हणजे त्याला जरा लागलंच.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी दुपारी श्रावण आला. तो मनाचा वाईट नव्हता. बाहेरगावची माणसं उतरायला लागली होती, भंतेजी उद्या सकाळच्या गाडीनं येणार, आणि वंदना सांगायला दुसरं कुणी नाही. बाहेरच्या कुणाला सांगायला लावलं तर सावळीला सहा वर्षांत एवढंही जमलं नाही असं होईल. एका वेळेनं काय होतं, हळूच म्हण, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. चतुराबाईनं त्याला झिडकारलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं शब्दाला शब्द ऐकवलं.

श्रावण गेल्यावर देवमन उठला आणि एकटाच लाईनवर जाऊन बसला. त्याला ती लाल गाठ डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती, नेमकी कुठं आहे तेही माहीत होतं. आवाज गेला तर आयुष्यभर हातोडी ठोकायची. पण उद्याचा दिवस रिकामा गेला तर या आवाजाचं करायचं काय? बापानं डफडं सोडलं तेव्हा पुढं काय खाऊ असं विचारलं नव्हतं. उन्हं कलेपर्यंत तो बसला आणि उठताना त्याचं ठरलेलं होतं. तो म्हणणार होता, आणि तेही हळू नाही, पुऱ्या आवाजात. चतुराबाईला त्यानं काही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहार माणसांनी भरला. जागा पुरली नाही, अर्धी माणसं बाहेर अंगणात उभी राहिली. भंतेजी आता थोडे वाकले होते. सावळीची दोनशे माणसं पुढं, पाहुणे मागं. देवमन नेहमीच्या जागी गावाकडं तोंड करून उभा राहिला आणि सगळीकडं शांत झालं. गावाला माहीत होतं की तो बोलणार नाही. मग पुढं काय होणार हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. चतुराबाई दुसऱ्या रांगेत होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की हा म्हणणार.

देवमननं हात जोडले. आणि नेहमीसारखा छाती भरून तो मोठा श्वास घेतला, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा.

त्या श्वासावर गाव सुरू झालं.

आधी कोण लागलं याबद्दल पुढं वाद झाले. चतुराबाईचं नाव घेणारे होते, दात पडलेल्या इंदूबाईचंही नाव निघालं. पण खरं तर कुणी एक नव्हतंच. सहा वर्षं त्या श्वासामागून वंदना येत आली होती, ती आताही आली. देवमनच्या तोंडून पहिला शब्द फुटायच्या आत दोनशे माणसांनी तो उचलला होता. मागून म्हणणारं गाव आज पुढचं म्हणत होतं, ओळीमागून ओळ, न अडखळता, बायका-माणसं-म्हातारे. देवमन भरलेला श्वास तसाच छातीत धरून उभा राहिला. त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं शील.

तिसऱ्या शीलाच्या मध्यावर दोनशे माणसं एकदम थांबली.

मागचे पाहुणे तसेच पुढं गेले आणि एकटे पडून ओशाळले. विहारात घोटभर वेळ काही ऐकू आलं नाही. मग दोनशे माणसं एकदम पुढं निघाली. देवमनचा आवाज दोन पात्यांएवढा होता हे त्यानं आरशात पाहिलं होतं. तो आवाज बंद असतानाही त्याचा थांबा दोनशे छात्यांत जिवंत होता. दवाखान्यात त्याचा श्वास दुसऱ्यानं घेतला होता, तसाच आज पुन्हा घेतला जात होता, या वेळी सगळ्या गावाकडून. तो तिथंच उभा राहून रडला आणि त्यानं डोळे पुसले नाहीत.

वंदना संपल्यावर भंतेजींनी विचारलं की तिसऱ्या शीलात थांबायची ही रीत सावळीनं कुठून आणली, आपण तर कुठं ऐकली नाही. सगळे देवमनकडं बघायला लागले. देवमन गोंधळला. त्यानं हात करून भंतेजींकडंच दाखवलं.

तेव्हा मागून श्रावण पुढं आला. त्याला इतक्या वर्षांत हे कधी सुचलंच नव्हतं.

“तुमीच थांबले होते, भंतेजी,” तो म्हणाला. “तुमचा घसा सुकला होता. तांब्या माह्या हातात होता. तुमी पानी पेले.”

आपण प्यालेला एक घोट या माणसांनी सहा वर्षं जपून ठेवला, हे भंतेजींच्या मनात उतरायला वेळ लागला. मग त्यांनी देवमनसमोर हात जोडले. भंतेजींनी आपल्याला हात जोडावेत हे देवमनला सहन होईना. तो खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या बिनआवाजाचं हसायला लागला.

नोव्हेंबरात भगवंतरावांनी पुन्हा आरसा गरम केला. गाठ गळून गेली होती. पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत मिटत होत्या. काहीतरी बोला, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांत बोलायचं इतकं साठलं होतं, पण देवमन फक्त “चतुरा” एवढंच म्हणाला. चारचौघांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला आणि दवाखान्यात असं कुणी बोलतं का म्हणून रागावली.

आवाज आला, पण पूर्वीचा नाही. खालचा, जाडसर, नाल्याच्या अलीकडेच संपणारा. लाईनवर हातोडीच राहिली. पुढच्या पौर्णिमेला देवमन विहारात पुन्हा पुढं उभा राहिला आणि आधी त्यानं गावाला सांगितलं की तो थांबा चुकीचा आहे, आपण तो शिकवायला नको होता, आजपासून सोडून द्या.

इंदूबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, “तुया बापानं काय सांगतलं होतं? गाळू नये मने. मंग तू काहून गाळून राहिला?”

देवमननं श्वास घेतला, पूर्वीइतका मोठा नव्हे, आणि सुरू केलं. आता कुणी मागून म्हणत नव्हतं, सगळे बरोबरच म्हणत होते. तिसऱ्या शीलाच्या मध्यावर येता येता त्याचा दम संपला. पूर्वी कधी संपला नव्हता, आता दर वेळी तिथंच संपायचा. तेवढ्यात गाव थांबलं. त्याच्यासाठी नाही, रीतीप्रमाणे. देवमननं श्वास भरून घेतला आणि सगळ्यांबरोबर पुढचं म्हणू लागला.